बबडीचं खातं

"बाई, ओली गादी वाळायला किती वेळ लागतो?"

सातवीचा वर्ग, विज्ञानाचा तास, धडा बाष्पीभवनाचा. प्रश्न तसा धड्याला धरूनच होता. विचारणारा शेवटच्या बाकावरचा उंच मुलगा, ज्यानं वर्षभरात एकही प्रश्न विचारला नव्हता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी खुळ्यासारखी उत्तर द्यायला लागले. ऊन किती आहे, वारा आहे का, कापूस किती जाड आहे, त्यावर ते अवलंबून असतं म्हटलं. मागचे बाक फिसकन हसले. मग मधले हसले. मग कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "बबडीबाई!" आणि सगळा वर्ग फुटला.

बबडी हे माझं घरातलं नाव. ते शाळेत कुणाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

मधल्या सुट्टीत पहिल्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली. दप्तराच्या तळातून तिनं बंदी असलेला मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर मी होते. आठ-नऊ वर्षांची, रडून डोळे सुजलेली, गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी. शेजारी कठड्यावर गादी वाळत घातलेली, आणि गादीच्या मधोमध पिवळा, कडा काळपट पडलेला डाग. खाली लिहिलेलं: "मी बबडी! आज पण झाली गादीत शू! मावश्यांनो, काहीतरी उपाय सांगा ना!"

खात्याचं नाव 'मी बबडी'. त्याखाली कंसात माझं पूर्ण नाव, आडनावासकट. कुणाची चुकून गैरसमजूत व्हायला नको.

मी बोट वर सरकवलं आणि सरकवतच गेले. एका त्याहून जुन्या फोटोत बबडी पॉटीवर बसलीय आणि म्हणतेय, आज मी शहाण्यासारखी शी केली. बबडीला कांजिण्या झाल्यात, फोड मोजा पाहू. बबडीच्या डोक्यात उवा झाल्या, हा बघा फणीत सापडलेला जाडजूड दादा. बबडीनं पालक ओकला, आणि ओकलेल्या पालकाचा वेगळा, जवळून काढलेला फोटो. प्रत्येक ठिकाणी मीच बोलतेय, लाडेलाडे, बोबडं, आणि त्यातला एक शब्द माझा नाही. मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही लहानपणी गोड होता." बिचारीनं चांगल्या मनानं म्हटलं असणार, पण मला तिला आणि तिच्या मोबाईलला खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्यांच्यापर्यंत ते पोचलं होतंच. "पालकांचे फोन येतायत. मुलं वर्गात ऐकत नाहीत म्हणे. सोमवारी सकाळपर्यंत ते दिसता कामा नये. नाहीतर सातवी मी दुसऱ्या बाईंना देते, तुम्ही उरलेलं वर्ष कार्यालयात बसा." मी मान डोलावली. माझी ही पहिलीच नोकरी, सातवी मी हट्टानं मागून घेतलेली, त्या पोरांना प्रयोगशाळेची गोडी लावता लावता माझा घसा बसलेला. मी उठले तर त्या मायेनं म्हणाल्या, "कांजिण्यांचा एकही डाग राहिला नाही हो तुमच्या चेहऱ्यावर!" म्हणजे बाईंनी सगळं बसून, अगदी जवळून पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी मी आईकडे धडकले. दार उघडलं तर डोक्याला काळा रंग थापलेला, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली, कानामागून एक काळा ओघळ मानेवर आलेला, आणि अंगात तो जुना गाऊन, ज्याला गळ्याशी पिन लावलेली. बाबा नेहमीप्रमाणे फिरतीवर. "अगं, फोन करून यायचं नाही का! माझा अवतार बघ," आई म्हणाली.

"तुझा अवतार राहू दे, माझे अवतार बघ," म्हणत मी तिला खातं दाखवलं.

मला वाटलं होतं चपापेल. कसलं काय! तिचा चेहरा असा फुलला, जणू हरवलेली सोन्याची बांगडी सापडली. "अगंबाई! हे अजून आहे? मी तर साफ विसरले होते! बघ ना, कशी नाक गळतं ठेवून रडतीयस! माझं सोनं ते!" विसरली होती म्हणे. बसमध्ये छत्री विसरावी तशी माझी सगळी लाज चव्हाट्यावर टांगून ही बाई विसरून गेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पासवर्ड काय आहे?"

"तो कुठला लक्षात राहायला? जुना मोबाईल पाण्यात पडला, नवा घेतला, मग राहूनच गेलं ते."

"आणि माझ्या नावानं का लिहीत होतीस? स्वतःच्या नावानं लिहायचंस की."

आई पिशवी सारखी करत म्हणाली, "तुझे बाबा कायम बाहेर. नवीन घर, शेजारी कुणी ओळखीचं नाही. घरात बोलायला कोण होतं मला? तू होतीस, तर तुझ्याशी मोठ्यांसारखं कुठे बोलता येत होतं. म्हणून तुझ्या तोंडून मीच बोलायचे. त्या बायका उत्तरं द्यायच्या ग. गादीवर सोडा टाका, झोपायच्या आधी पाणी देऊ नका. बरं वाटायचं."

मला एक क्षण तिची कणव आली, खोटं कशाला बोलू. पण मग तिनं बोट लावून पालक मोठा केला आणि खुदकन हसली. कणव गेली.

आम्ही तिच्याच मोबाईलवर बसलो, कारण नंबर जुना, खात्याला जोडलेला. 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं. प्रश्न आला: तुमची आवडती भाजी कोणती?

"बटाटा," मी टाकलं. चूक. "भेंडी." चूक.

"अगं, पालक टाक," आई म्हणाली. "तू किती आवडीनं खायचीस!"

"मी ओकायचे! तूच फोटो लावलायस ओकल्याचा!"

"ते जास्त खाल्ल्यामुळे," आई म्हणाली, आणि तिनं पालक टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले, दोनदा श्वास घेतला आणि परत येऊन बसले. पालकाच्या नुसत्या वासानं आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, तेही ओकारीच्या आधी सुटतं ते.

पुढची पायरी म्हणजे खात्याच्या ओळखीतल्या दोघांना कोड जाणार, तो त्यांनी आम्हाला सांगायचा. सगळ्यात वर दोन नावं होती, आत्याचं आणि काकांचं. आत्यानं फोन उचलला, कोड सांगितला, आणि मग म्हणाली, "कोण, बबडी का? अगं, मला अजून आठवतं, तू माझ्या नव्या पलंगपोसावर..." मी फोन ठेवला.

काकांचं मात्र अवघड होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लवकर निवृत्ती घेऊन बसलेले. सकाळपासून हातात मोबाईल, आणि जे दिसेल त्याला अंगठा. कुणी गेल्याची बातमी आली तरी अंगठा. मी म्हटलं, "काका, तुम्हाला एक आकडा आला असेल, तेवढा वाचून दाखवा. दुसरं कशावर दाबू नका."

"आकडा होय? थांब हं, चष्मा बघतो," काका म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग त्यांचं हसणं ऐकू आलं. "अरे वा! ही तर आपली बबडी! वहिनींनी काय काय जपून ठेवलंय! ही गादी, हा हा हा!"

"काका, कशावर दाबू नका!"

"नाही दाबत ग. नुसता अंगठा दिला."

पाचच मिनिटांत आईचा मोबाईल टुणटुणायला लागला. इतकी वर्षं जे खातं तळाशी मेल्यासारखं पडलं होतं, ते काकांच्या अंगठ्यानं खडबडून जागं झालं. काकांनी ज्याला अंगठा दिला ते काकांच्या ओळखीच्यांना दिसायला लागलं. त्यांच्या ओळखीचे म्हणजे निम्मं खानदान आणि उरलेलं त्यांचं जुनं ऑफिस. कुणी बाई विचारत होती, "आता थांबलं का हो?" कुणी गृहस्थ सांगत होते की आमच्या धाकट्यालाही होतं, दहावीपर्यंत. एका मावशीनं, जिला मी जन्मात भेटलेले नाही, लिहिलं होतं, "सोडा टाकून बघितला का?" सोळा-सतरा वर्षांनी बाईला उपाय सुचत होते. मी पंचवीस वर्षांची घोडी, नोकरी करते, स्वतःच्या पैशांनी भाडं भरते, आणि माझ्या गादीची चौकशी चालली होती.

"बघ, किती प्रेम करतात लोक," आई म्हणाली.

"आई, गप्प बस."

काकांनी एकदाचा कोड दिला. शेवटची पायरी उरली: चेहरा दाखवा. मोबाईल समोर धरायचा, खात्यातल्या फोटोंशी चेहरा जुळला की दार उघडणार. मी केस सारखे करून शांत चेहऱ्यानं बघितलं. जुळला नाही. जरा हसले. जुळला नाही. चष्मा काढला, उजेडात गेले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. नाही म्हणजे नाही.

"मी बघते," म्हणून आईनं डोक्यावरची पिशवी मागे सारून स्वतःचं तोंड पुढे केलं. तिचा तर प्रश्नच नव्हता. एवढे फोटो होते त्यात, आणि आई एकातही नव्हती. 'आता एकच प्रयत्न शिल्लक,' असं खाली आलं. हा फसला की खातं कायमचं बंद, म्हणजे आम्हाला बंद. जगाला उघडंच.

मी मोबाईल हातात धरून बसले आणि माझं अवसान गळालं. सोमवार डोळ्यांसमोर आला. कार्यालयातलं ते टेबल, खिडकीतून दिसणारी प्रयोगशाळा, तिथे दुसऱ्या बाई, आणि जाता-येता पोरांच्या तोंडी बबडीबाई, बबडीबाई. ज्या चेहऱ्याला सगळं जग हसतंय तो माझा आहे, हे मलाच सिद्ध करता येत नव्हतं. मला रडू फुटलं. साधं नाही, लहान पोरासारखं भोकाड. तोंड वासलेलं, नाक वाहतंय, घशातून तो घाणेरडा आवाज, जो मी कॉलेजात गेल्यापासून कुणाला ऐकू दिला नव्हता. हातातला मोबाईल तसाच समोर.

टिंग, वाजलं. 'चेहरा जुळला. बबडी, पुन्हा स्वागत आहे!'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या सगळ्या खात्यात माझा एकही शांत चेहरा नव्हता. हसरा नव्हता. ओकताना, खाजवताना, भोकाड पसरताना, एवढीच मी होते. त्या यंत्रानं मला ओळखलं ते तेवढ्यावरच. अशी शिसारी आली की मोबाईल टेबलावर पालथा टाकला.

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचेही डोळे भरले होते. "अगदी तश्शीच दिसलीस ग," ती म्हणाली. "जा, तोंड धुऊन ये. नवा पासवर्ड मी टाकून ठेवते. मग तुझं तू बंद कर."

मी गेले. नाक शिंकरलं, थंड पाण्याचे हबके मारले, टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभी राहिले. चला, सुटलो एकदाचे, असं वाटत होतं. आता एक बटण दाबायचं.

बाहेर आले तर आई मोबाईल छातीशी धरून समाधानानं बसलेली. "झालं. आता खुशाल बंद कर," म्हणाली.

"काय झालं?"

तिनं दाखवलं. सगळ्यात वर एक नवा फोटो होता. मी. आजची. त्या यंत्रानं टिपलेली, तोंड वासलेली, नाकातून ओठापर्यंत शेंबडाची तार, डोळे मिटलेले. खाली: "मी बबडी! खूप दिवसांनी तुमच्या भेटीला आले, आणि बघा ना, रडूच आवरेना! आता मी मोठ्ठी झाले, शाळेत बाई झाले! म्हणून निरोप घेते. सगळ्या मावश्या-काकांना टाटा!"

मी म्हटलं, "हे... का?"

"अगं, कुणाच्या घरून न सांगता उठून जातं का कुणी? एवढी वर्षं माया केली लोकांनी. निरोप नको घ्यायला?" तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या लेखी ती माझे संस्कार सांभाळत होती.

फोटोखाली पहिला अंगठा काकांचा. त्याखाली हसून लोळणारे चेहरे, रांगेनं, आणि त्यांच्या शेजारची नावं मी रोज हजेरीत घेत होते. शेवटच्या बाकावरच्या उंच मुलाचं सगळ्यात आधी.

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला, दोन पावलं मागे गेले आणि तिचा फोटो काढला. डोक्यावर कलंडलेली पिशवी, कपाळावर काळे डाग, मानेवर ओघळ, पिन लावलेला गाऊन, तोंड अर्धवट उघडं.

"ए, काय करतेस? माझा अवतार बघ!"

मी लिहायला लागले आणि मोठ्यानं वाचायलाही लागले, अगदी तिच्या त्या लाडिक सुरात. "मी बबडीची आई! आज मी डोक्याला काळं काळं फासलं! सगळ्या झिपऱ्या पांढऱ्या झाल्यात, पण कुणाला सांगायचं नाही हं! भावोजींना वाटतं माझे केस अजून काळेच आहेत, फसले की नाही! मावश्यांनो, रंग मानेवर उतरला, काहीतरी उपाय सांगा ना!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती धडपडत उठली. "नको ग! बबडे, नको! लोक काय म्हणतील? मला न विचारता असं कसं टाकतेस तू? आण तो इकडे! आधी पुसून टाक!" ती माझ्या मनगटाला लोंबकळली, रंगाच्या हातांनी. माझी बाही काळी झाली.

मला वाटलं होतं, मला सूड उगवल्यासारखं वाटेल. वाटलंही, सांगते ना. पण ते शब्द कसे सरसर आले होते, न अडखळता, एकामागून एक, लाडेलाडे, तिच्याहून सरस! मजा येत होती मला. आई भेदरून समोर उभी आणि माझ्या मनात पुढचं वाक्य तयार. त्या मजेची जी किळस आली, ती उवांचीही आली नव्हती आणि पालकाचीही नव्हती. मी लिहिलेलं खोडलं, फोटो पुसला. मग खातं उघडून 'कायमचं बंद करा' वर दाबलं. त्यानं विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. बबडी गेली.

आई मात्र खुर्चीत टेकेना. "गेला ना माझा?"

"गेला."

"दाखव." तिनं फोटोंत पाहिलं, पुसलेल्या फोटोंत पाहिलं, परत पाहिलं. केस धुऊन आली आणि टॉवेल गुंडाळून पुन्हा तेच. "चुकून कुणाला गेला तर नसेल? काकांना?" जेवताना तिचं लक्ष नव्हतं. मी निघाले तेव्हा चपला घालेपर्यंत ती दारात उभी राहून विचारत होती.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी माझ्यासमोर स्वतःच्या मोबाईलवर शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. "ठीक आहे, जा वर्गावर," म्हणाल्या. मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "तो शेवटचा रडका फोटो मात्र पोरांनी ठेवलाय म्हणे साठवून. त्याला मी काय करणार?"

वर्गात फळ्यावर खडूनं एक चेहरा काढला होता. वासलेलं तोंड, नाकाखाली लांब रेघ, बाजूला 'टाटा'. बरा काढला होता. मी डस्टर घेतलं, पुसला, हात झटकले आणि लिहिलं, बाष्पीभवन. मग वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"तुझा प्रश्न राहिला होता. गादी दुपारपर्यंत वाळते. पण डाग राहतो. का राहतो, सांग."

तो उभा राहिला. हसू आणायचा प्रयत्न केला त्यानं, पण शेजारी कुणी हसलं नाही. "माहीत नाही, बाई."

"पाणी उडून जातं. त्यात विरघळलेलं असतं ते उडत नाही. ते तिथेच बसतं, वाळून. लिहून घ्या." वर्गानं माना खाली घातल्या. लिहिण्याचा आवाज यायला लागला.

ड्रॉवरमध्ये मोबाईल थरथरला. आईचा निरोप होता. 'बबडे, तो फोटो नक्की गेला ना ग? रात्रभर डोळा नाही लागला.'

मी 'हो' लिहिलं. मग खोडलं, आणि ड्रॉवर लावून टाकला.